उंदीर पडला, गिनीपिग आला

उंदीर पडला की घर सोडायचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खानदेशातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात हा नियम कुणी शिकवावा लागत नसे. आढ्यावरून उंदीर खाली पडला, दोन-चार वेळा गरगरला आणि मेला, की धाब्याच्या घराला कुलूप लागे. पेट्या, भांडी, गुरं घेऊन माणसं शेतात झोपड्या घालून राहत. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, गावात आला, याची ती खूण. उंदराचा आणि माणसाच्या मरणाचा काहीतरी संबंध आहे, हे गावाला उमगलं होतं. तो कसा आहे, ते मात्र भल्याभल्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं.

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचा पहिला रोगी ओळखला. तिथून साथ रेल्वेच्या रुळांबरोबर पसरत गेली, आणि खानदेश तर रुळांवरच बसलेला. मुंबईहून येणारी गाडी भुसावळला पोहोचली की एक वाट नागपूरकडे जाई, दुसरी जबलपूरकडे. १९०० साली चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला आणि धुळंही या जाळ्यात आलं. धान्याच्या पोत्यांबरोबर आणखी काय प्रवास करतंय, याची कुणाला कल्पना नव्हती. या साथींनी जळगाव-असोद्याकडच्या घरांत काय केलं, ते बहिणाबाई चौधरींच्या संसारात दिसतं. त्यांचा मुलगा ओंकार प्लेगमधून वाचला, पण कायमचा अधू झाला. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, म्हणजे आजचे ढोबळमानाने जळगाव आणि धुळे. त्या दोन्ही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत सुरुवातीच्या वर्षांत प्लेग हा नेहमीचा विषय होता.

उंदराच्या आणि माणसाच्या मरणाच्या कोड्याचा उलगडा झाला तो एका अशा प्राण्यामुळे, ज्याचा खानदेशाशी काडीचाही संबंध नव्हता. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलं, तेही खाण्यासाठी. आजही पेरूमध्ये तो ताटात असतो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि तिथे तो श्रीमंतांच्या मुलांचं खेळणं झाला. पुढे त्याचा गरीब, शांत स्वभाव प्रयोगशाळांच्या नजरेत भरला. चावत नाही, उड्या मारत नाही, थोडक्या जागेत राहतो आणि माणसाचे बरेच रोग त्याला लवकर होतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू सिद्ध केला, तेव्हाही त्यांच्या टेबलावर गिनीपिग होतेच.

पिसवांमुळे प्लेग पसरतो, असं पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीतल्या प्रयोगांवरून १८९८ मध्येच सांगितलं होतं. त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे काही वर्षांनी मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग पटापट मेले. ग्लेन लिस्टन हा तरुण लष्करी डॉक्टर तेव्हा परळच्या प्लेग प्रयोगशाळेत काम करत होता. गिनीपिग प्लेगने गेले, हे त्याने तपासून पाहिलंच. खरी गंमत पुढे आहे. एरवी गिनीपिगच्या अंगावर पिसवा क्वचितच सापडतात. मेलेल्यांच्या केसांत मात्र त्या होत्या, आणि त्या उंदरावरच्या जातीच्या होत्या. म्हणजे उंदीर मेला, पिसवा भुकेल्या झाल्या आणि शेजारी मिळेल त्या ऊबदार अंगावर चढल्या. प्राणिसंग्रहालयात ते अंग गिनीपिगचं होतं, चाळीत ते माणसाचं असे. १९०४ मध्ये लिस्टनने हा सगळा विचार मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीपुढे मांडला. गावाने उंदीर पाहून काढलेला निष्कर्ष बरोबरच होता. अडलं होतं ते मधल्या कडीवर.

मग नेमलेल्या प्लेग चौकशी मंडळाने १९०५ पासून हा प्राणी थेट माणसांच्या घरात नेला. ज्या खोलीत रोगी दगावला असेल, तिथे रात्रभर गिनीपिग सोडून ठेवायचा. सकाळी उचलायचा, त्याला क्लोरोफॉर्म द्यायचा आणि केसांतल्या पिसवा वेचून मोजायच्या. काही ठिकाणी दोन पिंजरे शेजारी ठेवत. एक उघडा, दुसऱ्याला पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी. उघड्यातला मरे, जाळीतला वाचे. कधी पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरलेला असे. तो ओलांडताना पिसू चिकटून बसे आणि आतला गिनीपिग शाबूत राही.

परळला एकेकाळच्या गव्हर्नरच्या बंगल्यात ही प्रयोगशाळा होती. तिथे निरनिराळ्या छपरांच्या सहा लहान खोल्या मुद्दाम बांधल्या होत्या. त्यातला एक प्रयोग विशेष बोलका आहे. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग प्लेगने मेले. दोन इंच वर टांगलेल्यांनाही लागण झाली. दोन फूट वर टांगलेले मात्र सुरक्षित राहिले, कारण पिसूची उडी तिथवर पोहोचत नाही. आणखी एक गोष्ट दिसली. पिसवा नसतील तर प्लेग झालेल्या मादीचं दूध पिणारी पिल्लंही निरोगी राहत. रोग हवेत नव्हता, घाणीच्या वासात नव्हता, रोग्याच्या स्पर्शातही नव्हता. एवढ्या निष्कर्षासाठी किती गिनीपिग खर्ची पडले, याचे तक्ते मंडळाच्या अहवालांत आहेत. या प्राण्याच्या नावाने पेरू देशात उत्सव होतात, परळला साधा दगडही नाही. हीच प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

इथे एक बाजू सहसा नजरेआड होते. प्रयोगाला शेकडो गिनीपिग लागायचे, तर आधी ते जगवायला हवेत. त्यांना काय खायला घालायचं, किती गरम सोसवतं, किती जण एकत्र ठेवायचे, हे ज्ञान घरांतून प्रयोगशाळेत गेलं नाही. आपल्याकडे तरी ते उलट्या दिशेने आलं. सर्वांत मोठा धडा नॉर्वेत मिळाला, तोही अपघाताने. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघे खलाशांच्या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, सांधे दुखून ते हलेनासे झाले. कोबी, लिंबाचा रस दिला की बरे होत. कुत्रा, उंदीर, गाय आपलं क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात. माणसाला ते जमत नाही, तसं गिनीपिगलाही जमत नाही. पुढे १९३२ मध्ये ते जीवनसत्त्व नेमकं कोणतं, हे हंगेरीत पक्कं झालं तेही गिनीपिगवरच.

खानदेशात हा प्राणी कित्येकांना आधी पाठ्यपुस्तकात भेटला, आणि औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्यांना प्रात्यक्षिकात. शिरपूरसारख्या ठिकाणी १९९० च्या दशकात अशी महाविद्यालयं उभी राहिली. अभ्यासक्रमातला एक प्रयोग ठरलेला असे: गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा, हिस्टामिनचा थेंब सोडायचा आणि आतडं आकसलं की त्याला जोडलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढते. त्या रेघेची उंची मोजून औषधाची ताकद काढायची. आता औषधनिर्माण परिषदेच्या अभ्यासक्रमात हाच प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करतात. रेघ तशीच उमटते, प्राणी लागत नाही.

प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातून तो दुकानाच्या पिंजऱ्यात आला. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये ससे, पांढरे उंदीर, पोपट यांच्या शेजारी तो पूर्वीपासून विकला जातो. हळूहळू लहान शहरांतल्या मत्स्यालयांच्या दुकानांतही तो दिसू लागला. दुकानदार बहुधा एवढंच सांगतो: गाजर घाला, पाणी ठेवा. खानदेशात एवढ्यावर भागत नाही.

पहिली अडचण उन्हाची. अँडीजच्या थंड उंचीवरचा हा प्राणी १८ ते २४ अंशांत खूश असतो. तिशीच्या वर त्याला त्रास सुरू होतो, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्याला घाम येत नाही. तापला की तो हातपाय पसरून पोटावर पडतो, भरभर श्वास घेतो, तोंडाजवळचे केस लाळेने भिजतात. तोवर उशीर झालेला असतो. थंडगार पाण्यात बुडवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. कोमटसर पाण्याने कान आणि पाय पुसायचे आणि डॉक्टर गाठायचा. जुन्या मातीच्या भिंतींच्या खोल्या या बाबतीत सिमेंटच्या वरच्या मजल्यापेक्षा कितीतरी बऱ्या. पिंजरा घराच्या आतल्या बाजूला, जमिनीलगत ठेवायचा. त्यात पाण्यात भिजवून पुसलेलं कौल किंवा फरशीचा तुकडा ठेवला की दुपारभर तो त्यावर लोळतो. कूलर लावावा, पण झोत थेट पिंजऱ्यावर नको. ओलसर वाऱ्याने गवत दमट होतं, बुरशी धरते आणि छाती भरते.

खाण्याचा पाया म्हणजे सुकं गवत, तेही दिवसरात्र. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजवायला गवतच लागतं. गहू, बाजरी, शेव-फरसाण यांनी पोट बिघडतं. लसूणघास खानदेशात सहज मिळते आणि तो ती आवडीने खातो. पिल्लांना आणि गाभण मादीला ती चालते, पण मोठ्यांना रोज घातली तर त्यातल्या कॅल्शियमने मूतखडे होतात. क जीवनसत्त्वासाठी महागड्या थेंबांची गरज नाही. कोथिंबीर, ढोबळी मिरची, पेरूची फोड, थोडा आवळा पुरतो. जळगावचं केळं हे गोडधोड समजून बोटभर तुकडाच द्यावा. भरताच्या वांग्यांचं शेत जवळ असलं तरी वांग्याचा किंवा टोमॅटोचा पाला पिंजऱ्यात जाऊ देऊ नये, त्यात विष असतं. कांदा-लसूणही नको.

औषधांच्या बाबतीत तर प्रयोगशाळेची शिकवण जिवावरची आहे. माणसांना दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यात तो दगावतो. १९४० मध्ये ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली चाचणी उंदरांवर झाली हे नशीबच. गिनीपिग घेतले असते तर ते औषध तिथेच बाद झालं असतं. घरातली उरलेली गोळी चुरून पाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

एकटा गिनीपिग झुरतो, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून त्याला एकटं ठेवायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे दुकानदार ‘जोडी’ म्हणून देतो ती बहुतेकदा नर-मादीच निघते. मादी महिन्या-सव्वा महिन्याची झाली की गाभण राहू शकते. दोन महिन्यांच्या वर थोडे दिवस गेले की डोळे उघडलेली, अंगभर केस असलेली पिल्लं जन्माला येतात आणि दुसऱ्या दिवशी गवत कुरतडतात. आठ महिने उलटेपर्यंत मादी एकदाही व्यायली नसेल, तर तिच्या कमरेचं हाड जुळून पक्कं होतं आणि पहिली वेण जिवावर बेतते. तेव्हा जोडी हवी असेल तर दोन माद्या मागाव्यात आणि दुकानात उभ्या उभ्या त्या उलटून पाहाव्यात. दुकानदाराला हे आवडत नाही, पण नंतर सात-आठ पिल्लांना घरं शोधत फिरण्यापेक्षा ते सोपं.