वडगाव, मावळ!

भाची स्पॅनिश शिकते आहे. वडगावहून लोकल पकडून पुण्याला क्लासला जाते आणि संध्याकाळी ओट्यावर येरझारा घालत क्रियापदं घोकते. पोंगो, पोनेस, पोने. आमच्याकडे पोंगा म्हणजे बोटात अडकवून खायची कुरकुरीत नळी, त्यामुळे शेजारची पोरं 'पोंगा, पोंगा' करत तिच्यामागे फिरतात. परवा तिनं वही माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "मामा, हे क्रियापद मराठीत चालवून दाखव ना."

'चालवून' हा तिचा शब्द शाळेतल्या संस्कृतच्या तासाचा. मास्तर म्हणत, 'देव शब्द चालव', 'गम् धातू चालव'. स्पॅनिशमध्ये याच कामाला 'कोन्खुगार' म्हणतात. त्याच्या पोटात लॅटिन 'युगुम' आहे, म्हणजे जू. संस्कृतातही 'युग' या शब्दाचा एक अर्थ जूच आहे, आणि आपलं 'जू' त्याच घराण्यातलं. म्हणजे तिकडचे व्याकरणकार धातूला जू लावतात आणि आपले तो चालवतात. औत एकच, फक्त त्यांनी त्याचा आरंभ पाहिला आणि आपण त्याची चाल.

वहीतलं क्रियापद होतं 'पोनेर्से'. 'पोनेर' म्हणजे ठेवणे. त्याला 'से' लागलं की स्वतःला ठेवणे, आणि कर्ता सूर्य असला की मावळणे. 'एल सोल से पोने', सूर्य स्वतःला ठेवून देतो. दिवसभर वापरलेली वस्तू संध्याकाळी फडताळात ठेवावी तसा. याला मराठी जोड 'मावळणे' हीच, आणि आम्ही मामा-भाची बसलो होतो मावळ तालुक्याच्या ठाण्याच्या गावात. तेव्हा म्हटलं, चालवूच.

मराठीत क्रियापदाच्या चालवलेल्या रूपाला आख्यात म्हणतात आणि आख्यातांची नावं त्यांच्या प्रत्ययांवरून पडलेली आहेत. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना ती पाठ असतात, बाकीचे शाळा सुटली की विसरतात. सूर्य मावळतो, हे ताख्यात. मावळला, लाख्यात. मावळेल, ईलाख्यात. मावळावा, वाख्यात. मावळो, ऊ-आख्यात. मावळायचा, चाख्यात. आणि 'सूर्य मावळे, गुरं परतत' यातलं 'मावळे' हे ई-आख्यात.

यातली शेवटची दोन शेजारी ठेवून पाहा. 'मावळे' आणि 'मावळायचा' दोन्ही एकच सांगतात, की पूर्वी हे रोज घडत असे. पण आजी गोष्ट सांगताना 'दिस मावळायचा न् आम्ही विहिरीवर जायचो' असंच म्हणेल. 'मावळे' आता पुस्तकात राहायला गेलं. भाचीच्या वहीत या दोघांच्या जागी एकच रूप होतं, 'से पोनिया', आणि ते छापील पानावरही चालतं, चहाच्या टपरीवरही.

काळ सोपे असतात. खरी अडचण अर्थांची. आपण स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ शिकतो. स्पॅनिशचा 'सुब्खुन्तिवो' यांतल्या कुठल्याच एका खणात मावत नाही. जे अजून घडलेलं नाही, ज्याची इच्छा, शंका किंवा वाट पाहणं चालू आहे, त्या सगळ्याला तिकडे वेगळं रूप लागतं. 'सूर्य मावळला की निघू' हे स्पॅनिशमध्ये सांगायचं तर 'क्वान्दो से पोंगा एल सोल'. सूर्य अजून वर आहे, म्हणून 'पोने' नाही, 'पोंगा'.

भाचीनं मराठी वाक्य पुन्हा म्हटलं आणि थबकली. "मामा, सूर्य अजून वर आहे, मग आपण 'मावळला' कसं म्हणतो?"

म्हणतो खरं. न घडलेल्या गोष्टीसाठी स्पॅनिश माणूस शंकेचं रूप काढतो आणि मराठी माणूस ती घडलीच असं धरून पुढं जातो. 'पाऊस पडला की लावणी', 'गाडी आली की सांग', 'पैसे मिळाले की देतो'. सगळी लाख्यातं, आणि एकही गोष्ट झालेली नाही. लाख्यात हा भूतकाळ, असं शाळेत शिकवतात ते म्हणूनच अर्धंच खरं. लाख्यात म्हणजे क्रिया पुरी झाल्याचा दाखला. ती काल पुरी झाली की उद्या होणार, ते बाकीचं वाक्य ठरवतं.

उलट एका ठिकाणी दोन्ही भाषा गळ्यात गळे घालतात. खिडकी बंद असताना आपण म्हणतो, 'एव्हाना सूर्य मावळला असेल.' रूप भविष्याचं, गोष्ट होऊन गेलेली, आणि अर्थ निव्वळ अंदाजाचा. स्पॅनिशमध्येही नेमकं हेच: 'से आब्रा पुएस्तो एल सोल'. जे पाहिलेलं नाही ते दोघांनीही भविष्याच्या खात्यात टाकलं. उद्याची आणि भिंतीपलीकडची गोष्ट माणसाला सारखीच अदृश्य असते.

आपली क्रियापदं परक्या जुवाखाली घालण्याचा उद्योग जुना आहे. गोव्यात 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापलं गेलं. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. लॅटिनच्या साच्यात भारतीय क्रियापद ओतून छापण्याची सुरुवात झाली ती अशी आपल्या शेजारी. मराठीला मराठीतून समजावणारं दादोबा पांडुरंगांचं व्याकरण आलं १८३६ साली.

हे फादर मूळचे इंग्लंडचे, आणि पोर्तुगिजांनी त्यांना 'एस्तेव्हाँव' केलं. स्पॅनिशमध्ये हेच नाव 'एस्तेबान'. शब्दाच्या आरंभी 'स्' आणि त्याला चिकटलेलं व्यंजन, असा जोड त्या जिभांना सोसत नाही, म्हणून पुढे 'ए' येतो. लॅटिन 'स्कोला'चं 'एस्क्वेला' झालं ते असंच. आणि मराठी जीभ? ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कंपनीचा कॅप्टन स्टुअर्ट मराठ्यांच्या माऱ्यात पडला. त्याच्या धाडसावर मराठे इतके खूश, की त्याला 'फाकडा' म्हटलं, जो मान मानाजी शिंद्यांसारख्या आपल्या वीराला मिळाला होता. नाव मात्र झालं 'इष्टुर'. इष्टुर फाकडा. त्याची समाधी वडगावात दाखवतात. एस्तेबान आणि इष्टुर, दोघांच्या दारात एकच उंबरठा: एकाचा 'ए'चा, एकाचा 'इ'चा.

त्याच महिन्यात, तळेगावाहून मागे फिरलेली कंपनीची फौज महादजी शिंद्यांच्या सैन्यानं वडगावात कोंडली आणि तिला तह करावा लागला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत द्यावा, साष्टी परत द्यावी. तहाची भाषा बघा: सगळी वाख्यातं. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जनं हा तह मानलाच नाही, त्यामुळे 'साष्टी द्यावी' याचं 'साष्टी दिली' कधी झालं नाही. वाख्यातावरून लाख्यातावर येणं किती अवघड, ते नाना फडणवीस-महादजींच्या काळापासून आजच्या 'वाहने रांगेत लावावीत' या पाटीपर्यंत आपण पाहतो आहोत.

आता पुरुष आणि लिंग. स्पॅनिश क्रियापद पुरुषानुसार बदलतं, त्याला लिंगाशी देणंघेणं नाही. सूर्य काय, आशा काय, 'से पोने'च. मराठीत सूर्य मावळला, आशा मावळली, तेज मावळलं. पण 'पोनेर्से' सगळ्या पुरुषांत हिंडतं, कारण तिकडे माणूस टोपीही स्वतःवर 'ठेवतो'. 'मे पोंगो' म्हणजे मी अंगावर चढवतो. आपलं 'मी मावळतो' कोण म्हणणार? साहित्य संमेलनाचे मावळते अध्यक्ष तेवढे म्हणू शकतील, तेही हसत. पायउतार होणाऱ्याला सूर्याचं विशेषण देणारी ही मराठीची अदब आहे. दिव्याच्या बाबतीतही आपण 'विझव' म्हणायला कचरतो आणि 'मालव' म्हणतो. दिवा मालवतो, सूर्य मावळतो. कानाला ही जोडी लागते.

राहता राहिला आज्ञार्थ, द्वितीय पुरुष, एकवचन. मराठीत तिथे प्रत्ययच नसतो, नुसता धातू उभा राहतो. बस, ऊठ, चल. आणि मावळ. भाची टाळ्या पिटत हसली. "म्हणजे आपल्या गावाचं नाव म्हणजे ऑर्डरच आहे! वडगाव, मावळ!"

इथं मात्र तिला थांबवलं. कारण हा विनोद नुसता विनोद राहात नाही, पुष्कळ लोक तो इतिहास म्हणून सांगतात. पुण्याहून पाहिलं तर सूर्य सह्याद्रीकडे मावळतो, म्हणून त्या मुलखाचं नाव मावळ, आणि तिथले ते मावळे. ऐकायला छान आहे. स्पॅनिशमध्येही पश्चिमेला 'पोनियेन्ते' म्हणतात, शब्दशः 'मावळती'च. अरबीत मगरिब म्हणजे सूर्य बुडण्याची दिशा, आणि त्यावरून एका अख्ख्या प्रदेशाला नाव मिळालं. मग आपल्याच मावळाला का नको?

कर्जत-खोपोलीच्या माणसाला विचारा. त्याच्या लेखी मावळ उगवतीला आहे. पण हा झाला वकिली मुद्दा. खरा पुरावा आमच्या तालुक्यातच दगडावर आहे. कार्ल्याच्या लेण्यात सातवाहनकाळातला एक लेख आहे. भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजक नावाचं गाव दिल्याचं त्यात नोंदलं आहे, आणि ते गाव कुठलं, तर 'मामालाहार'मधलं. आहार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा किंवा तालुका. करजक म्हणजे नाणे मावळातलं करंजगाव, असं अभ्यासक धरतात. म्हणजे मामाल आहारातलं करजक आज मावळ तालुक्यातलं करंजगाव आहे.

आता 'मामाल' मराठीच्या नेहमीच्या वाटेनं चालवून बघा. दोन स्वरांमधला म मराठीत व होतो: नामचं नाव, ग्रामचं गाव. दोन स्वरांमधला एकटा ल ळ होतो: फलचं फळ. मामालचा दुसरा म व झाला, ल ळ झाला, मधला आ आखडला: मावळ. कुठे ओढाताण नाही, कुठे अपवाद मागावा लागत नाही. मराठीतले सर्वांत जुने लेख साधारण हजार वर्षांपूर्वीचे. हे नाव त्याच्याही आठ-नऊ शतकं आधी दगडावर कोरलेलं आहे.

आणि एकाच उच्चारात वेगवेगळी कुळं येऊन मिळणं नवलाचं नाही. संस्कृत मातुल, त्याचं जुन्या मराठीत माउळा झालं, म्हणजे मामा. ओव्यांमधून आत्याला मावळण म्हणतात. तिचा ना सूर्याशी संबंध, ना वडगावशी. भाचीला म्हटलं, मी दोन्ही अर्थांनी मावळा आहे, पण त्या दोन अर्थांची आई एक नाही.

तेव्हा निकाल असा: मावळ हा मामालचा, मावळण मातुलाच्या घरची, आणि मावळणारा सूर्य तिसऱ्याच वाटेचा. तिघे एका ओट्यावर भेटले, इतकंच. वाचकांना विनंती एवढीच, की आपल्या गावाच्या नावाची गोष्ट सांगण्याआधी त्याचं सर्वांत जुनं लिहिलेलं रूप शोधा आणि ते भाषेच्या नियमानं चालवून पाहा. ते चाललं, तरच व्युत्पत्ती.