शर्त, हौस आणि धाव : भंडाऱ्याच्या वाटेवरून एक विचार

धावण्याच्या चढाओढीस मराठीत ‘शर्यत’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘शर्त’ या शब्दापासून आलेला आहे, आणि शर्त म्हणजे अट. मराठीत स्थिरावताना अटीचा अर्थ ‘शर्त’ या रूपाकडे राहिला व चढाओढीचा अर्थ ‘शर्यत’ या रूपाने उचलला. ‘पैज’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञा’पासून प्राकृताच्या वाटेने आलेला, त्यातही वचनाची बांधिलकी आहे, केवळ आनंद नाही. याच्या उलट ‘हौस’ हा अरबी ‘हवस’ शब्दाचा वंशज मनाच्या ओढीपुरताच बोलतो. इंग्रजीतील ‘अमॅच्युअर’ या कल्पनेसाठी पुढे ‘हौशी’ हे विशेषण योजले गेले, तेव्हा शर्तीच्या क्षेत्रात हौस बसविण्याचा प्रसंग आला. तो सुखासुखी पार पडला नाही.

लांब पल्ल्याच्या धावण्याचा आपल्याकडील जुना अध्याय हा चाकरीचा अध्याय आहे. मराठेशाहीत पत्रे नेणाऱ्यास ‘जासूद’ किंवा ‘कासीद’ म्हणत. ‘जासूद’चे मूळ अरबी ‘जासूस’, म्हणजे हेर. अंत्य ‘स’चा ‘द’ ‘कासीद’च्या सहवासाने झाला असणे संभवते, दोघांचे काम एकच, आणि शब्दही सोबतीने राहिले की एकमेकांसारखे होतात. जासुदांची जोडी पाठविण्याची रीत होती. त्यांच्या मोलास ‘अजुरा’ म्हणत. पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस प्रथम कळली ती अशाच एका कासिदाकडून. जानेवारी १७६१ मध्ये पेशव्यांची फौज नर्मदा ओलांडत असता तो सापडला. ग्रँट डफने लिहिले आहे की, तो सावकारांचा माणूस असून पानिपताहून निघाल्यापासून नवव्या दिवशी औरंगाबादेस पोहोचण्याचा त्याचा करार होता. ही मजल हजार किलोमीटरांहून अधिक भरते. कासिदाचे नाव इतिहासाने राखले नाही; त्याच्या थैलीतील पत्राच्या सांकेतिक भाषेवर मात्र पुष्कळ शाई खर्ची पडली. करारातील ‘नऊ दिवस’ ही शर्त होय, आणि ती पाळणाऱ्यास कोणी हौशी म्हटले नसते.

नागपूरहून भंडारा व साकोलीवरून रायपुरास जाणारा रस्ता हा याच अध्यायाचा पूर्वेकडील धागा आहे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि १८५४ सालच्याच कायद्याने हिंदुस्थानच्या टपालखात्याची नवी घडी बसली. आता जासुदाच्या जागी ‘हरकारा’ आला. हा शब्द फारसी, अर्थ ‘सर्व कामे करणारा’. खात्याने मात्र त्याला एकच काम दिले. एका हरकाऱ्याने तोडावयाचे अंतर म्हणजे ‘टप्पा’, आणि ‘टपाल’ या शब्दाचे नाते त्याच्याशीच जोडले जाते. दक्षिणेस पवनी-लाखांदूर, उत्तरेस तुमसर, मध्ये वैनगंगा आणि तिला मिळणारे ओढे, सभोवती तळी व साग-बांबूचे रान असा हा मुलूख. पावसाळ्यात धानाच्या बांध्या भरल्या म्हणजे चालण्यास उरतो तो धुरा, आणि तोही निसरडा. इंग्रज ज्यास ‘क्रॉस-कंट्री’ म्हणतात त्याची सर्व सामग्री येथे निसर्गतःच मांडलेली आहे. परंतु येथील मनुष्य त्या वाटेने धावला तो थैली पोहोचविण्यासाठी. १८८० नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, वरठी येथे ‘भंडारा रोड’ स्थानक झाले, आणि मुख्य मार्गावरची थैली गाडीने जाऊ लागली. हरकाऱ्याकडे आडवाटा राहिल्या.

इंग्लंडात याच सुमारास उलट क्रम चालला होता. रग्बी शाळेतील ‘क्रिक रन’ ही रानावनातून धावण्याची शर्यत १८३८ पासूनची. सुस्थितीतील मुलांनी चिखल तुडवीत धावणे हा तेथे शिक्षणाचा भाग ठरला. पुढे प्रौढांचे संघ निघाले आणि ‘अमॅच्युअर’ कोणास म्हणावे याचे नियम झाले. १८६६ साली स्थापन झालेल्या अमॅच्युअर अॅथलेटिक क्लबाच्या व्याख्येत पैशासाठी धावणारा तर वर्ज्य होताच, पण कारागीर व मजूरही वर्ज्य होता. हाताने काम करणाऱ्याचे शरीर आधीच कसलेले असते, ही त्यामागची भीती. १८८० साली नव्या संघटनेने मजुराविषयीचे कलम गाळले. वृत्ती इतक्या लवकर गळत नाही. ‘हौशी’ हे भाषांतर येथे अपुरे पडते. मूळ शब्दाने एका वर्गास दाराबाहेर ठेवले होते. मराठी शब्दास या बहिष्काराचा पत्ताच नाही.

म्हणूनच पुण्यात जे घडले त्याचे महत्त्व विशेष. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे १९१९ च्या सुमारास आले. तेथे त्यांनी जे पाहिले त्याचे वर्णन त्यांनी १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात आहे. धावणारे तरुण शेतकरी वर्गातले, शेतात राबणारे, साध्या अन्नावर वाढलेले. नियमांची किंवा शास्त्रोक्त शिक्षणाची माहिती नाही. पायांत काही नाही. लोकांस सर्वांत प्रिय होती ती सुमारे पंचवीस मैलांची धाव, जिला तेथे ‘मॅरेथॉन’ म्हटले जाई. आणि या अनवाणी मंडळींचा वेळ युरोपातील वेळेशी तुलना करण्याजोगा होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलून टाटांनी अँटवर्पच्या ऑलिंपिकची खटपट केली व तिघा धावपटूंचा खर्च स्वतः देऊ केला. १८६६ ची व्याख्या शब्दशः चालू असती, तर ही मुले मैदानाच्या दोरीपलीकडेच उभी राहिली असती. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांना विनामोबदला धावता आले ते दुसऱ्याने खर्च उचलला म्हणून. हौस त्यांची, पैसा टाटांचा व वर्गणीदारांचा. इंग्रज हौशी स्वतःच्या उत्पन्नावर हौस करी. हा भेद त्या वेळच्या उत्साहात कोणी फारसा तपासला नाही.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. अंतर ४२,७५० मीटर, म्हणजे आजच्या ठराविक अंतराहून ५५५ मीटर अधिक; ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. बेळगावकडील फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावा आला. त्याचा जोडीदार सदाशिव दातार यास शर्यत पुरी करता आली नाही. अठरा मिनिटांचे हे अंतर कित्येकदा अपयश म्हणून सांगितले जाते. ते मत स्वीकारण्यास अडचण आहे : परके हवामान, परके अन्न आणि आयुष्यातील पहिला परदेशप्रवास यांची वजाबाकी केल्यावर एकोणिसावा क्रमांक फार मोठा दिसतो. त्याच ऑलिंपिकात क्रॉस-कंट्रीही होती. १९२४ साली पॅरिसच्या उन्हात ३८ पैकी १५ जणांनीच ती पुरी केली, आणि त्यानंतर ऑलिंपिकातून ती गेलीच.

भंडाऱ्यात शर्यतीची हौस माणसाच्या पायांनी नव्हे, बैलांच्या पायांनी फेडली गेली, असे म्हणावेसे वाटते. हिवाळ्यात धान घरात आल्यावर शंकरपट भरतो. सरळ दाण, त्यावर हलकी गाडी, तिला बैलांची जोडी, आणि रात्री झाडीपट्टीचे नाटक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने अशा शर्यती थांबल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रास सशर्त परवानगी मिळाली व मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. ‘सशर्त शर्यत’ हा प्रयोग वृत्तपत्रांनी सहज केला. त्यात एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी बसली आहेत हे त्यांच्या गावीही नसावे.

माणसाची धाव मात्र पुन्हा चाकरीकडे वळली आहे. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर क्रॉस-कंट्री धावू लागला, तेथून तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल सामन्यांत त्याने रौप्यपदक घेतले. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्हा सात तालुक्यांचा उरला. या तालुक्यांच्या रस्त्यांवर पहाटे जी मुले-मुली धावताना दिसतात, त्यांतील पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती असते. पुरुषांस १६०० मीटर, स्त्रियांस ८०० मीटर. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या एका धावेस. ही मुले स्वतःस ‘धावपटू’ म्हणवीत नाहीत, ‘हौशी’ तर नाहीच. त्यांचा शब्द ‘ग्राउंड’ हा आहे : ग्राउंड मारायचे, ग्राउंड निघाले, ग्राउंड गेले. कोशात इंग्रजी शब्द म्हणून त्याचा अर्थ मैदान असा सापडेल. भरतीची वाट पाहणाऱ्यांच्या मराठीत त्याचा अर्थ शर्त असा झाला आहे.