मध्यरात्रीचा पुकारा

सरफोजीराजांचे एक पत्र गेले काही महिने माझ्या टेबलावर आहे. राजा मराठी, मुलूख तमिळ, पत्र मला मिळाले ते इंग्रजीत, आणि मी ते मराठीत करते आहे. तारीख २८ जानेवारी १८०१. तंजावरचा ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला ते लिहिलेले आहे. विषय म्हटला तर कोरडाच : छत्रांचा खर्च.

पत्राआधी पंधरा महिने राज्य गेले होते. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने कारभार आणि वसूल कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला राहिला, आणि वर्षाला एक लाख स्टार पॅगोडा, शिवाय निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. पण तिजोरीची रया त्याच्या कितीतरी आधी गेली होती. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी कावेरीकाठचा भातपट्टा उजाड केला. किल्ल्यात माणसे भुकेने मरू लागली. खेड्यांत धान्य होते, पण ते आणायला बैल कोणी देईना. तुळजाराजे किंवा कंपनी पैसे चुकते करील यावर कोणाचाच भरवसा नव्हता. अखेर श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने स्वतःचा शब्द दिला, तेव्हा हजारभर बैल मिळाले आणि ऐंशी हजार मापे धान्य किल्ल्यात आले. राजाच्या शब्दाला स्वतःच्याच मुलखात किंमत उरली नव्हती. सरफोजी तेव्हा चार-पाच वर्षांचे होते. पुढे तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले, आणि त्यांच्या शिक्षणावर याच श्वार्ट्झची देखरेख राहिली.

ही पार्श्वभूमी धरून पत्र वाचले की त्यातला सूर कळतो. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांची छत्रे होती, बहुतेक राजघराण्यातल्या स्त्रियांच्या नावांची. त्यांना लावून दिलेल्या गावांच्या वसुलावर ती चालत. मुलूख कंपनीचा झाल्यावर ही गावेही जाणार की राहणार, हा प्रश्न होता. राजे विनवतात की ती आपल्याकडे राहू द्यावीत. आणि मग छत्रात काय काय होते ते सांगत जातात. ब्राह्मणापासून परैयरापर्यंत येईल त्या वाटसरूला शिजवलेला भात मिळतो. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला कोरडा शिधा. आजारी वाटसरूला बरे होईपर्यंत औषध आणि पथ्याचे जेवण. वैद्य आहेत, त्यांत विषारी जनावर चावल्यावर उपचार करणारेही आहेत. वाटेत बाळंत झालेल्या बाईला तीन महिने राहता येते, लेकरांना दूध मिळते. परक्या मुलखातल्या वाटसरूंची पोरकी मुले पंतोजींच्या ताब्यात देतात. त्यांना तीन वेळ जेवण, चार दिवसांतून एकदा तेलाने न्हाऊ घालणे, आवडेल ती विद्या, आणि शेवटी लग्नाचा खर्चसुद्धा. हे तेलाचे वाक्य मराठीत करताना मी थांबले. कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या अर्जात एवढा बारीक तपशील कोण घालतो? ज्याला आपले राज्य नेमके कशात होते हे दाखवायचे आहे, तो. तंजावरला लोक धर्मराज्य म्हणतात आणि आपल्या पदाचा सगळ्यात मोठा मान तोच आहे, असे राजे लिहितात.

मात्र हा अर्ज आहे हे विसरू नये. खर्चाचे एक कलम वाचवण्यासाठी तो लिहिलेला आहे, आणि अर्जात कोणी आपली बाजू पडती दाखवत नाही. सगळ्यांना जेवण मिळते असे पत्र म्हणते. सगळे एका पंगतीत बसतात असे ते म्हणत नाही. शिवाय तो भात ज्यांनी चिखलात उभे राहून लावला, त्यांतले कितीतरी पळ्ळर आणि परैयर मजूर जमीनमालकांकडे वेठीलाच बांधलेले होते. धर्मराज्याचा हिशेब त्यांच्या बाजूने कोणी मांडलेला नाही. म्हणूनच ‘परिया’ या इंग्रजी शब्दापाशी मी ‘अंत्यज’ लिहिले नाही आणि आपल्याकडची एखादी जातही बसवली नाही. परैयर हेच ठेवले.

राज्य गेले तरी राजे थांबले नाहीत. १८०२ मध्ये ओरत्तनाडूला मुक्तांबाळच्या नावाने नवे छत्र उभे राहिले. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर भोसल्यांचा वंशेतिहास कोरला गेला, देवनागरीत, मराठीत. हा लेख फार मोठा आहे. त्याच्यापुढे उभी असताना एक गोष्ट खटकली. मला तो अडखळत का होईना वाचता येत होता. शेजारी फुलांची टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईंना त्यातले अक्षरही लागत नव्हते. बाहेर रेशनच्या दुकानावर तांदळाबद्दलची तमिळ सूचना चिकटवली होती. तामिळनाडूत २०११ पासून रेशनचा तांदूळ फुकट मिळतो. ती सूचना त्या बाईंनी जाता जाता वाचली असती. मला मात्र कोणाला तरी विचारावे लागले. बहुसंख्य प्रजेची भाषा तमिळ असताना राजघराण्याने आपली हकीकत मराठीत लिहिली. ती कोणासाठी होती, याचे उत्तर त्या भिंतीला द्यावे लागत नाही.

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे वारसपुत्राशिवाय वारले आणि उरलेसुरले तंजावरही कंपनीने घेतले. छत्रांचा कारभार पुढे सरकारकडे गेला.

माझे अडले आहे ते पत्रातल्या एका छोट्या तपशिलापाशी. छत्रात जेवणे मध्यरात्रीपर्यंत चालतात. मग घंटा वाजवतात आणि ज्यांचे जेवण व्हायचे असेल त्यांनी येऊन आपल्यासाठी रांधलेला भात घ्यावा, असे पुकारतात. इंग्रजीत इथे ‘प्रोक्लमेशन’ हा शब्द आहे. ‘जाहीरनामा’ म्हटले की कागद आणि शिक्का दिसतो. ‘दवंडी’ला डफ लागतो, आणि ती बहुधा काहीतरी मागायलाच येते. त्या अंधारात हाक मारणारा माणूस तमिळमध्ये ओरडला असणार, आणि काशीकडून आलेल्या एखाद्या यात्रेकरूला त्यातला शब्दही कळला नसेल. तो घंटेवर उठला असेल. आमच्या गावी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी देवळाच्या कर्ण्यावरून अशीच हाक येते : कोणाचे जेवायचे राहिले असेल तर या, पंगत शेवटची आहे. कच्च्या मसुद्यात मी आधी ‘घोषणा’ लिहिले होते. ते खोडून ‘पुकारा’ केले आहे. ‘हाक’ हा शब्द अजून समासात पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.