मर्यादेपुढचा कॉल

रात्री 11:53, वॉशिंग्टन राज्यातलं सिअ‍ॅटल. 9 एप्रिल 2014. अमेरिकेत पोलीस, अग्निशमन, अ‍ॅम्ब्युलन्स यांसाठी 911 हा एकच नंबर. तेव्हा बऱ्याच ठिकाणचे हे कॉल आधी कोलोरॅडोतल्या एंगलवूडला, इंट्राडो कंपनीच्या केंद्रात जात. तिथलं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉलला क्रमांक देई, मगच तो ज्या त्या गावच्या नियंत्रण कक्षाकडे वळे. या क्रमांकाला प्रोग्रॅमरांनी एक कमाल मर्यादा घालून ठेवली होती.

11:54. मर्यादा गाठली. एंगलवूडच्या घड्याळात 12:54, फ्लोरिडात पहाटेचे 2:54, परभणी जिल्ह्यातल्या जिंतुरात 10 तारखेच्या दुपारचे 12:24.

पुढच्या कॉलला क्रमांक मिळाला नाही. त्यापुढच्यालाही नाही. सर्व्हर मात्र चालूच होता. यंत्रणेने इशारा दिला, पण किरकोळ म्हणून. तशी वर्गवारी आधीच ठरलेली होती. इंट्राडोचं मायामीतलं दुसरं केंद्र धडधाकट होतं. कॉल आपोआप तिकडे वळले नाहीत.

मध्यरात्रीनंतर. सिअ‍ॅटल परिसरातल्या एका बाईच्या घरात अनोळखी माणूस घुसू पाहतोय. तिने 911 लावला. लागला नाही. पुन्हा लावला. किमान 37 वेळा. शेवटी तिने स्वयंपाकघरातली सुरी हातात घेतली. तो पळाला.

(जिंतूरहून आज 112 हा आपत्कालीन नंबर लावला, तर कॉल परभणीआधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात जातो. बोलणाऱ्याला ते कळत नाही, कळायची गरजही नसते. वॉशिंग्टन राज्यातल्या किती जणांनी एंगलवूडचं नाव ऐकलं असेल?)

सकाळी सहाच्या सुमारास. कॉल हाताने मायामीकडे वळवले. जिंतुरात दिवेलागणीची वेळ होत आली होती. जवळपास सहा तासांत 6,600 हून अधिक कॉल वाया गेले होते. सात राज्यं, 81 नियंत्रण कक्ष, 1 कोटी 10 लाख लोकवस्ती.

ऑक्टोबर 2014. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा अहवाल आला. वादळ नाही, भूकंप नाही; प्रोग्रॅममधली चूक, टाळता येण्याजोगी.

एप्रिल 2015. 911 सेवा पुरवणाऱ्या सेंच्युरीलिंक या दूरध्वनी कंपनीला 1 कोटी 60 लाख डॉलर, इंट्राडोला 14 लाख डॉलर भरावे लागले. क्रमांकाची मर्यादा इंट्राडोने आधीच बरीच वाढवली होती. आकडा कुठवर आला, हे आता दर आठवड्याला पाहिलं जात होतं.