यंत्राच्या भुकेचा हिशेब

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणी तिथे शतकानुशतके चालत आल्या. खाण जितकी खोल जाई तितके तिच्यात पाणी साचे, आणि ते उपसायला अठराव्या शतकात वाफेची यंत्रे आली. कॉर्नवॉलच्या जमिनीत कोळसा मात्र नाही. तो साउथ वेल्समधून जहाजाने आणावा लागे. त्यामुळे यंत्र किती कोळसा खाते, यावर खाणीचा नफा ठरे. जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन यांनी आपली यंत्रे तिथे नेली, तेव्हा त्यांनी सौदाच असा केला की जुन्या न्यूकमेन यंत्राच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश भाग त्यांना मिळावा. बचत मोजायची तर यंत्राचे काम मोजायला हवे, म्हणून यंत्राच्या तुळईवर तिचे झोके मोजणारे कुलूपबंद गणकयंत्र बसवले गेले. १८०० मध्ये वॉटच्या पेटंटची मुदत संपली. बोल्टन-वॉटची माणसे परतली आणि यंत्रांची निगा ढासळली. तेव्हा १८११ मध्ये खाणमालकांनी जोएल लीन या जाणकाराकडे एक काम सोपवले: दर महिन्याला प्रत्येक यंत्राचा कोळसा, त्याने उपसलेले पाणी आणि त्याच्या अभियंत्याचे नाव छापून प्रसिद्ध करायचे. एक बुशेल कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले गेले, हे त्याचे माप होते. सुरुवातीला सरासरी दोन कोटींच्या आसपास होती. १८३५ मध्ये फोवी कॉन्सोल्स खाणीवरच्या ऑस्टेन यंत्राने चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. सरकारने यात काहीही केले नव्हते. नाव छापले जाते म्हटल्यावर अभियंते एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी झटत राहिले.

लीनच्या या मासिक यादीला मी आजच्या ऊर्जा-लेबलांची आद्य पूर्वज मानतो. मात्र तिचे यश एका अटीवर उभे होते, आणि तिकडे आपण नीट पाहायला हवे. कॉर्नवॉलमध्ये यंत्र विकत घेणारा आणि कोळशाचे पैसे देणारा माणूस एकच होता. विसाव्या शतकात वीज घराघरांत पोचली आणि ही जोडी तुटली. उपकरण घडवणारा कारखानदार एक, ते नव्या घरात बसवून देणारा बिल्डर दुसरा, आणि महिन्याचे बिल भरणारा भाडेकरू तिसरा. घडवणाऱ्याच्या मेजावर काय चालते, हे तिसऱ्याला कळण्याचा मार्गच उरला नाही. डिसेंबर १९२४ मध्ये जगातल्या बड्या दिवे-उत्पादकांनी जिनिव्हात फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि घरगुती दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणायचे ठरवले. ज्याचा दिवा जास्त टिकेल, त्या कारखान्याला दंड होता. वस्तूच्या रचनेवर नियम घालता येतात, आणि ते काटेकोरपणे पाळूनही घेता येतात, हे उद्योगाला सरकारच्या फार आधी उमगले होते. फक्त तो नियम गिऱ्हाइकाच्या विरोधातला होता.

अमेरिकन फ्रिजची कहाणी तर याहून बोलकी आहे. १९४७ च्या सुमाराचा फ्रिज वर्षाला साधारण ३५० युनिट वीज घेई. १९७४ पर्यंत हा आकडा १८०० च्या घरात गेला. फ्रिज मोठा झाला हे खरे, पण पाचपट झाला नव्हता. वीज स्वस्त होती, म्हणून कारखान्यांनी भिंतीतले उष्णतारोधक पातळ केले, स्वस्त मोटारी बसवल्या, आणि वाचलेल्या खर्चात किंमत उतरवली. दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर यातले काहीच दिसत नसे.

सरकारी नियमांची सुरुवात बहुतेक लोक अमेरिकेतून धरतात, पण त्याआधीचे दोन विसरलेले टप्पे आहेत. पोलंडने १९६२ मध्ये काही औद्योगिक उपकरणांसाठी किमान कार्यक्षमतेच्या अटी घातल्या, आणि १९६६ मध्ये फ्रान्सने फ्रिजसाठी मानक ठरवले. त्यांचा फारसा बोलबाला झाला नाही, कारण तेल स्वस्त होते आणि कुणाला घाई नव्हती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठा रोखला आणि चित्र बदलले. बर्कलीत आर्थर रोझेनफेल्ड नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते; एन्रिको फर्मींचे विद्यार्थी, कणभौतिकीत हयात घालवलेले. त्या नोव्हेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या ध्यानात आले की रिकाम्या कचेऱ्यांचे दिवे शनिवार-रविवार तसेच जळत राहणार आहेत. ते दिवे मालवायला निघाले, तर बटणे कपाटांच्या आणि पुस्तकांच्या मांडण्यांच्या मागे दडलेली. वीज वाया घालवणे इमारतीच्या रचनेतच बसवलेले होते, माणसाच्या सवयीत नव्हे. ही जाण त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे मूळ ठरली. डेव्हिड गोल्डस्टीन या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी बाजारातल्या फ्रिजचा अभ्यास केला. महाग फ्रिज कमी वीज घेतो असे मुळीच नव्हते. किंमत आणि कार्यक्षमता यांचा एकमेकांशी मेळच लागेना. मग गिऱ्हाइकाने निवड करायची ती कशाच्या आधारावर? रोझेनफेल्ड यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्यापुढे हिशेब मांडला, की फ्रिजवर साध्या अटी घातल्या तरी सनडेझर्ट या प्रस्तावित अणुवीज केंद्राएवढी वीज वाचेल. १९७६ मध्ये राज्याने फ्रिजसाठी नियम केले. पुढे सनडेझर्टचा प्रस्तावही मागे पडला.

ज्या वॉरन-अल्क्विस्ट कायद्याने राज्याला हा अधिकार दिला, त्यावर १९७४ मध्ये सही केली होती गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. हेच रेगन राष्ट्राध्यक्ष असताना १९८६ मध्ये त्यांनी देशभरच्या उपकरण-मानकांचे विधेयक सहीविना पडू दिले, आणि १९८७ मध्ये त्याच विधेयकावर सही केली. मधल्या काळात उद्योगच मागे लागला होता. राज्याराज्यांतल्या वेगवेगळ्या अटींपेक्षा एकच नियम त्याला परवडत होता. जपानने १९९८ मध्ये निराळी वाट काढली. बाजारातले आजचे सर्वांत काटकसरी यंत्र हेच उद्याचे सरासरी लक्ष्य मानायचे, म्हणजे ‘टॉप रनर’. अधिकाऱ्याने आकडा कल्पनेने ठरवायचा नाही, तो प्रतिस्पर्ध्याच्या कारखान्यातूनच यायचा. लीनच्या यादीत पहिला असलेला अभियंता इथे जणू कायद्याचा मजकूर बनला.

युरोपने १९९२ मध्ये घरगुती उपकरणांवर ‘ए’ ते ‘जी’ श्रेणीच्या पट्ट्यांचे लेबल आणले, पण खरे वळण आले ते ६ जुलै २००५ रोजी. ऊर्जा वापरणाऱ्या वस्तूंच्या पर्यावरणस्नेही रचनेचा निर्देश त्या दिवशी संमत झाला. त्यात एकाही वस्तूसाठी मर्यादा नव्हती. होती ती फक्त पद्धत. आधी एकेका वस्तूचा कच्च्या मालापासून भंगारापर्यंत अभ्यास, मग उत्पादकांशी आणि ग्राहक-संघटनांशी चर्चा, मग त्या वस्तूपुरता नियम. २००९ मध्ये निर्देशाची व्याप्ती वाढली आणि खिडक्यांसारख्या, स्वतः वीज न खाणाऱ्या पण ऊर्जेच्या वापरावर परिणाम करणाऱ्या वस्तूंनाही त्यात जागा मिळाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात १०० वॉटचे जुने दिवे बाजारातून निघू लागले आणि २०१२ पर्यंत साधा तंतूचा दिवा जवळपास संपला. बंद असूनही वीज पिणाऱ्या बहुतेक घरगुती उपकरणांना २०१३ पासून अर्ध्या वॉटची मर्यादा पडली. २०१४ मध्ये व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॉटची कमाल मर्यादा आली, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी गहजब केला. मोठी मोटार म्हणजे चांगली सफाई, हा समज किती खोल रुजला होता ते त्यातून दिसले. २०२१ पासून फ्रिज आणि धुलाईयंत्रांचे सुटे भाग सात ते दहा वर्षे मिळत राहिले पाहिजेत, अशी अट पडली. वॉट मोजणारा कायदा इथे वस्तूच्या दुरुस्तीकडेही वळला. जुलै २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या नियमावलीने तर ऊर्जेची अटच काढून टाकली; कपड्यांपासून पोलादापर्यंत बहुतेक सर्व वस्तू आता तिच्या कक्षेत येऊ शकतात.

आपल्याकडे हा प्रवाह उशिरा आला, पण कोरड्या जमिनीवर आला नाही. तेलसंकटानंतर १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना उभी राहिली, आणि इंडियन ऑइलच्या संशोधकांनी घडवलेला ‘नूतन’ हा घासलेट वाचवणारा वातीचा स्टोव्ह अनेक मराठी स्वयंपाकघरांत पोचला. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो (बीईई) ही केंद्राची संस्था स्थापन झाली, २००६ मध्ये फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि ट्यूबलाइटवर वीजबचतीचे ऐच्छिक तारे आले, आणि २०१० मध्ये ते सक्तीचे झाले. एलईडी दिव्यांच्या बाबतीत सरकारने नियमापेक्षा खरेदीची ताकद वापरली: एकगठ्ठा खरेदीमुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. पण भारताचे खरे उपकरण छतावरचा पंखा आहे, आणि तो फार काळ दुर्लक्षित राहिला. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने अतिकार्यक्षम उपकरणांसाठी उत्पादकांनाच प्रोत्साहन द्यावे, अशी मांडणी केली; बाराव्या पंचवार्षिक योजनेत बीईईने ती पंख्यांसाठी उचलली. पंख्यावर तारे सक्तीचे झाले ते मात्र जानेवारी २०२३ पासून. नेहमीचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, ब्रशलेस डीसी (बीएलडीसी) मोटारीचा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात.

या बचतीचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच तिच्यातली उणीव सांगितली पाहिजे. जुना पंखा जळाला की गल्लीतला वाइंडिंगवाला तांब्याची तार भरून तो पुन्हा फिरता करतो. बीएलडीसी पंख्यात सर्किट असते. ते बिघडले की पेठेतला कारागीर हात टेकतो, आणि हमीची मुदत सरलेली असेल तर मालक नवा पंखा घेतो. आपले तारे विजेपुरतेच बोलतात. सर्किट किती वर्षे मिळेल, ते कोणत्याही दुकानात बदलता येईल का, यावर ते गप्प आहेत. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण पोर्टल माहिती देते. सुटा भाग ठेवायला उत्पादकाला भाग पाडत नाही. युरोपला २००५ च्या निर्देशापासून सुट्या भागांपर्यंत पोचायला सोळा वर्षे लागली. पंख्याच्या पुढच्या सुधारित निकषांत सर्किटच्या उपलब्धतेचे एक कलम घालायला आपल्याला तेवढा वेळ घेण्याचे काहीच कारण नाही.