ब्रेकमधली हवा आणि प्रेशर ब्लीडर : घरच्या गॅरेजमधले एक काम



उन्हाळा आला की भारतातून आई-बाबा येतात, आणि इथे कोलोरॅडोत राहणारे आपण सगळे त्यांना पाइक्स पीक दाखवायला घेऊन जातो. शिखराची उंची १४,११५ फूट, रस्ता साधारण १९ मैलांचा. चढताना सगळे फोटो काढण्यात दंग असतात. खरी परीक्षा उतरताना होते. ग्लेन कोव्ह येथे तिथले कर्मचारी उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचे तापमान तपासतात, आणि ब्रेक फार तापले असतील तर गाडी बाजूला घेऊन थांबायला लावतात.

आमच्यातल्या एका कुटुंबाला असेच थांबावे लागले. तपासणीच्या थोडे आधीच पेडल मऊ लागू लागले होते. मागे बसलेले अण्णा म्हणजे साताऱ्याकडचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, खंबाटकी घाटात आयुष्य गेलेले. ते एवढेच म्हणाले, "ब्रेकवर बसू नकोस, गिअर खाली घे." गाडी सुखरूप खाली आली. घरी येऊन पाहिले, तर ब्रेक फ्लुइड काळपट झालेले आणि गाडी घेतल्यापासून कधीही न बदललेले! त्यानंतर आम्ही चार-पाच जणांनी मिळून एक प्रेशर ब्लीडर आणला आणि सगळ्यांच्या गाड्यांचे फ्लुइड बदलले. त्यातून जे शिकलो ते इथे एकत्र देत आहोत.

पेडल मऊ का होते?

आपल्याकडे याला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते तेल नव्हे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे सगळे ग्लायकोल जातीचे द्रव आहेत आणि ते हवेतली ओल शोषून घेतात. ओल मुरली की उकळण्याचे तापमान खाली येते. अमेरिकन मानकाप्रमाणे किमान आकडे असे:

डॉट ३ : कोरडे २०५ अंश सेल्सिअस, ओल मुरलेले १४० अंश
डॉट ४ : कोरडे २३० अंश, ओल मुरलेले १५५ अंश
डॉट ५.१ : कोरडे २६० अंश, ओल मुरलेले १८० अंश

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की कॅलिपर तापतो, जुने फ्लुइड उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ आणि हवा मात्र दाबली जाते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचण्याऐवजी तो बुडबुडा दाबण्यातच संपतो. म्हणून फ्लुइड ठराविक काळाने बदलायचे असते. बऱ्याच युरोपियन कंपन्या दर २ वर्षांनी बदला म्हणतात, होंडा दर ३ वर्षांनी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते पाहावे, आणि झाकणावर छापलेल्या डॉट क्रमांकाचेच फ्लुइड घ्यावे. डॉट ५ हे सिलिकोनचे असते. नावात फक्त '.१' चा फरक दिसला तरी ते इतरांत कधीही मिसळू नये.

हवा काढण्याच्या पद्धती

सर्वांत जुनी पद्धत दोघांची. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडायचा. "दाब... धर... अगं, सोडू नकोस!" हा संवाद आमच्या बऱ्याच गॅरेजांत झालेला आहे. निपल बंद होण्याआधी पेडल सुटले की हवा परत आत जाते. शिवाय जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबले की मास्टर सिलिंडरचे रबरी सील एरवी कधी न वापरलेल्या, गंज-घाण असलेल्या भागावर घासतात आणि फाटू शकतात.

दुसरी पद्धत व्हॅक्यूमची. यात निपलच्या बाजूने फ्लुइड ओढून घेतात. पण निपलच्या आट्यांमधूनही हवा ओढली जाते, नळीत बुडबुडे येतच राहतात आणि आतली हवा संपली की नाही ते कळत नाही.

तिसरी पद्धत प्रेशर ब्लीडरची. रॉकेलच्या स्टोव्हला आपण पंप मारत होतो ते आठवा, तत्त्व तेच. एका बाटलीत नवे फ्लुइड भरायचे, हाताने पंप मारून हवेचा दाब द्यायचा, आणि बाटलीची नळी एका खास झाकणाने मास्टर सिलिंडरच्या टाकीला जोडायची. वरून सतत मंद दाब असल्यामुळे निपल उघडला की फ्लुइड एका दिशेनेच वाहते. एकट्या माणसाला हे काम निवांत करता येते.

विकत घेताना काय पाहावे?

१. झाकण. सर्वांत महत्त्वाचे हेच. बऱ्याच युरोपियन गाड्यांना आट्यांचे एकच झाकण चालते. जपानी आणि अमेरिकन गाड्यांची झाकणे वेगवेगळी असतात. साखळी किंवा हुकने आवळायची 'सगळ्यांना चालणारी' चपटी प्लेट मिळते, पण टाकी वेड्यावाकड्या आकाराची असेल तर ती गळते. शक्यतो आपल्या गाडीचे वेगळे झाकण घ्यावे.

२. दाबाचा मीटर. १० आणि १५ पीएसआय हे आकडे स्पष्ट वाचता आले पाहिजेत.

३. दाब सोडण्याची सोय. बाटलीचे झाकण सैल करून किंवा व्हॉल्व्हने दाब हळूहळू सोडता आला पाहिजे.

४. हातपंप की कॉम्प्रेसर? घरच्या कामाला हातपंप पुरतो. कॉम्प्रेसरचा दाब कितीतरी जास्त असतो, नियंत्रण चुकले तर टाकी फुटते.

अमेरिकेत मोटिव्ह कंपनीचा हातपंपाचा ब्लीडर बराच वापरला जातो. इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींना गन्सनचा ईझीब्लीड ठाऊक असेल. तो स्टेपनीच्या टायरमधल्या हवेवर चालतो, मात्र त्याआधी टायरचा दाब २० पीएसआय किंवा त्याहून कमी करावा लागतो. चार कुटुंबांत मिळून एक घेतला तरी पुरतो. झाकणे मात्र ज्याची त्याने घ्यावीत.

कामाची तयारी

सपाट जागा, चाकांना अडसर, आणि गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही काम करू नये. निपलला बसेल असा रिंग पाना, पारदर्शक नळी, जुने फ्लुइड जमा करायला बाटली, हातमोजे, चष्मा, आणि जवळ पाण्याची बादली. हे फ्लुइड रंगावर सांडले तर रंग खाते. लगेच भरपूर पाण्याने धुवावे. नवे फ्लुइड सीलबंद डब्यातलेच घ्यावे. बहुतेक गाड्यांना साधारण १ लिटर पुरते, पण जवळ थोडे जास्त असू द्यावे.

सर्वांत आधी चारही निपल सैल होतात का ते पाहावे, आणि सैल झाला की लगेच पुन्हा बंद करावा. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात तिथे निपल गंजून घट्ट बसतात. जोर लावून तुटला तर गाडी जागेवर बसते. गंजरोधक तेल मारून वाट पाहावी. तरीही हलला नाही तर काम तिथेच थांबवावे.

प्रत्यक्ष काम

१. टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ पुसा. जुने फ्लुइड शक्य तेवढे ओढून घ्या, पण तळाची छिद्रे उघडी पडू देऊ नका. स्वयंपाकघरातला बास्टर वापरलात तर तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका! लगेच नवे फ्लुइड भरा.

२. ब्लीडर आधी कोरडाच जोडा. बाटलीत फ्लुइड न घालता १० पीएसआय दाब द्या आणि दोन-तीन मिनिटे मीटरकडे पाहा. काटा खाली आला तर झाकण गळते आहे. आमच्यातल्या एकाने घाईत ही पायरी गाळली आणि अर्धा लिटर फ्लुइड इंजिनवर सांडले.

३. दाब सोडून बाटलीत फ्लुइड भरा, पुन्हा १० पीएसआय दाब द्या. १५ च्या वर जाऊ नका. टाकी प्लॅस्टिकची आहे आणि रबरी बुचांवर बसवलेली आहे, हे लक्षात असू द्या. दाब वाढवून काम लवकर होत नाही.

४. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याची प्रथा आहे. डावीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत मागचे उजवे, मागचे डावे, पुढचे उजवे, पुढचे डावे. पण कित्येक गाड्यांचा क्रम वेगळा असतो. पुस्तिकेतला क्रमच खरा.

५. आधी रिंग पाना बसवा, मग नळी लावा. नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या फ्लुइडमध्ये बुडवा. निपल पाव ते अर्धा फेरा उघडा. बुडबुडे थांबून स्वच्छ फ्लुइड आले की बंद करा.

६. प्रत्येक चाकानंतर दाब आणि बाटलीतली पातळी पाहा. बाटली रिकामी झाली तर टाकीत हवा जाईल आणि सगळे पहिल्यापासून करावे लागेल.

७. शेवटी बाटलीचा दाब पूर्ण सोडा, आणि मगच टाकीवरचे झाकण काढा. हा क्रम उलटा केला तर फ्लुइड तोंडावर उडेल. टाकीतली पातळी कमाल खुणेपर्यंत आणा.

गाडी बाहेर काढण्यापूर्वी

इंजिन बंद असताना पेडल काही वेळा दाबा. ते वरच कडक लागले पाहिजे. कोणाला तरी ते दाबून धरायला सांगा आणि चारही निपल कोरडे आहेत का ते पाहा. इंजिन चालू केल्यावर पेडल किंचित खाली जाते, ते ठीक. पण दाबून धरलेले पेडल हळूहळू तळाला जात राहिले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका. सगळे ठीक असेल तर चाकांचे नट योग्य ताकदीने आवळा आणि आधी घरासमोरच सावकाश चालवून ब्रेक तपासा.

हे घरी करू नका

बऱ्याच हायब्रिड गाड्यांचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे असतात आणि त्यांना कंपनीचे स्कॅनर लागते. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तरी बहुधा तसेच. कॅलिपर नवे बसवल्यावर पेडल मऊच राहिले, तर डावा-उजवा अदलाबदल झाला नाही ना ते पाहा. निपल वरच्या बाजूला असायला हवा. खाली असेल तर हवा कधीच निघणार नाही. आणि थोडीही शंका असेल तर मेकॅनिककडे जाण्यात कमीपणा नाही. वाचलेल्या शंभर-दीडशे डॉलरपेक्षा मागच्या सीटवरची माणसे मोलाची.

जुने फ्लुइड गटारात किंवा अंगणात ओतू नका. बाटलीत बंद करून आपल्या काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्या.

आमच्या त्या गाडीचे काम झाले तेव्हा पेडल दाबून धरायला अण्णाच बसले होते. दोन-तीनदा दाबून पाहिले आणि म्हणाले, "आता लागला. पण उतारावर गिअर खालीच ठेवायचा." ब्लीडर कितीही चांगला असला तरी ही गोष्ट त्यात येत नाही, म्हणून तीही इथे लिहून ठेवली आहे.

ब्लीडर मंडळातल्या कोणालाही वापरायला मिळेल. पहिल्यांदा करणार असाल तर आमच्यापैकी एक जण सोबत येईल. चहा मात्र तुमच्याकडे!