औद्योगिक स्वयंचलनाची आंतरराष्ट्रीय मानके

कारखान्यातील संवेदक, झडपा, चलित्रे व त्यांचे नियंत्रक हा एक थर आणि मागण्या, साठा, खरेदी व हिशेब सांभाळणारे संगणक हा दुसरा थर. या दोहोंमधील माहितीची देवाणघेवाण कोणत्या स्वरूपात व्हावी, हे ठरविणाऱ्या नियमसंहिता.

अंकीय उपकरणांपूर्वी मापनाचे मूल्य 4 ते 20 मिलिअँपिअर विद्युत् प्रवाहाने दर्शविण्याची पद्धत रूढ होती. शून्य मूल्यासाठीही 4 मिलिअँपिअर प्रवाह राखलेला असल्याने तार तुटल्यास ते तत्काळ कळे. एका तारजोडीवरून एकच राशी कळत असली, तरी कोणत्याही कंपनीचा मापक दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकास जोडता येत असे. अंकीय नियंत्रकांमुळे क्षमता वाढली. मात्र ग्राहकाचे हे स्वातंत्र्य गेले. प्रत्येक उत्पादकाची संदेशपद्धती निराळी असल्याने एकदा निवडलेल्या कंपनीशी कारखाना वर्षानुवर्षे बांधला जाई.

या अडचणीवर पहिला मोठा प्रयत्न ग्राहकाकडूनच झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्स या मोटार कंपनीने 1980 मध्ये ‘मॅप’ या संदेशवहन संहितेचे काम हाती घेतले. संदेश ठराविक कालमर्यादेत पोहोचलाच पाहिजे, म्हणून तीत टोकन-बस पद्धती स्वीकारण्यात आली. तिची सामग्री महाग पडली, इथरनेट स्वस्त होत गेले आणि संहितेची तिसरी आवृत्ती आधीच्या आवृत्तीशी जुळेना. परिणामी मॅप मागे पडले. त्यातील संदेशरचनेचा भाग मात्र आयएसओ 9506 या मानकाच्या रूपाने टिकला व पुढे विद्युत् उपकेंद्रांच्या स्वयंचलनात उपयोगी पडला.

उपकरणांच्या पातळीवरील ‘फील्डबस’चा इतिहास अधिक वादग्रस्त आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने (आयईसी) 1985 मध्ये एकाच जागतिक मानकाचे काम सुरू केले. जर्मनीची प्रोफिबस व फ्रान्सची फिप या पद्धतींमागे त्या त्या देशांतील उद्योगांचे हितसंबंध गुंतले होते. यूरोपने 1996 मध्ये डॅनिश, जर्मन व फ्रेंच पद्धती ईएन 50170 या एकाच मानकात शेजारी शेजारी बसविल्या. आयईसीमधील मतदानांत तोडगा निघेना, तेव्हा 1999 मध्ये कंपन्यांनी समझोता केला आणि आयईसी 61158 या मानकात परस्परांशी न जुळणारे आठ प्रकार समाविष्ट झाले. हे मानकीकरण नव्हे, तर तह होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्यांपैकी स्विफ्टनेट हा प्रकार पुढे वगळावा लागला. इतरांची भर मात्र पडत राहिली.

वरच्या थराशी जोडणीचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटला. पर्ड्यू विद्यापीठातील थिओडोर विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनी कारखान्याच्या कारभाराचे श्रेणीबद्ध प्रतिमान मांडले होते. त्यावर आधारलेल्या आयएसए-95 या अमेरिकी मानकाचा पहिला भाग 2000 मध्ये निघाला. तो 2003 मध्ये आयईसी 62264 म्हणून आंतरराष्ट्रीय झाला. प्रत्यक्ष प्रक्रिया ही शून्य पातळी, तर व्यवसायनियोजन ही चौथी. चौथ्या पातळीवर महिने, आठवडे व दिवस यांचा विचार होतो. तिसऱ्या पातळीवर पाळ्या, तास व मिनिटे यांचा. दुसरीवर सेकंद व त्याहूनही अल्प काळाचा. तारा व संदेशपद्धती यांविषयी मौन बाळगून या मानकाने केवळ शब्दांचे अर्थ निश्चित केले : उत्पादन कसे करावयाचे, क्षमता किती, वेळापत्रक कोणते व प्रत्यक्षात काय घडले. विक्रेत्यांच्या भांडणापासून ते बव्हंशी अलिप्त राहिले याचे कारण हेच असावे.

मधला दुवा ‘ओपीसी’ने पुरविला. 1996 मधील तिचे रूप मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीशी जखडलेले होते. 2006 पासून प्रसिद्ध होऊ लागलेली ‘ओपीसी यूए’ ही आवृत्ती त्या बंधनातून मुक्त असून आयईसी 62541 म्हणून मान्यता पावली आहे. तीत मूल्याबरोबर त्याचे एकक, वेळ व विश्वसनीयताही पाठविता येते. निरनिराळ्या यंत्रप्रकारांसाठी तिच्या पूरक संहिता तयार करण्याच्या कामात जर्मन यंत्रनिर्मात्यांचा व्हीडीएमए हा संघ विशेष पुढे आहे.